शांततेचं खातं उभं करायचं तर आधी नोंदवही उघडा

देशात अंतर्गत शांतता टिकवायची असं सरकारने ठरवलं की पहिली घाई होते ती समिती नेमायची. अध्यक्ष, सदस्य, पहिली बैठक, फोटो. माझं सांगणं असं की समिती थोडी थांबू दे, आधी नोंदवही उघडा.

रत्नागिरी जिल्ह्यात महसूल खात्यात माझी नोकरी झाली, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. कार्यकारी दंडाधिकारी म्हणून माझ्यासमोर भांडणं यायची ती बहुतेक पेटल्यावर. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १२६. दोन्ही बाजूंकडून शांतता राखण्याचं बंधपत्र घ्यायचं, जामीनदार बघायचे. बंधपत्राची मुदत फार तर एक वर्ष. वर्ष संपलं की तेच चेहरे पुन्हा दारात. देशाच्या पातळीवर बंदोबस्त, संचारबंदी, इंटरनेट बंद ठेवणं यांचंही असंच असतं. त्यांची गरज पडते, नाही असं नाही, पण त्यांना मुदत असते. टिकाऊ काम वेगळ्या टेबलावर व्हावं लागतं.

नोंदवही अशी करा. प्रत्येक जिल्ह्याने आपल्याकडचे जुने तंटे लिहून काढायचे: कोणाकोणात, कशावरून, कधीपासून, कोणता कागद कुठल्या कचेरीत अडकला आहे, आणि येत्या वर्षात हे पेटण्याची तारीख कुठली. शेवटच्या रकान्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. आमच्याकडे त्या तारखा ठरलेल्या असतात. शिमगा, ग्रामपंचायतीची निवडणूक, मासेमारीचा हंगाम. ३१ जुलैला पावसाळी बंदी संपते आणि होड्या बाहेर पडल्या की पर्ससीनवाले, म्हणजे मोठी घेरजाळी टाकणारे, आणि पारंपरिक मच्छीमार यांचा वाद पाण्यावर येतो. देशासाठी तारखा वेगळ्या असतील: निवडणुकीचा निकाल, जनगणना, भूसंपादनाची मोजणी. पण त्या आधीपासून माहीत असतात, म्हणजे माणूस आधी पाठवता येतो.

अडकलेल्या कागदाचा रकानाही मोकळा सोडू नका. अलिबागजवळच्या चरीची आठवण ठेवा. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथे सभा झाली आणि खोतांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, जमिनी कसायच्या नाहीत असं कुळांनी ठरवलं. पुढारी नारायण नागू पाटील. डॉ. आंबेडकर पाठीशी उभे राहिले, १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. संप १९३९ पर्यंत चालला. त्या काळात कितीही पोलीस नेमले असते तरी शेत पिकलं नसतं. १९३९ मध्ये कुळकायदा आला, पुढे १९४९ च्या कायद्याने खोतीच गेली, तेव्हा त्या भांडणाचं मूळ उपटलं. म्हणून शांततेचं काम करणाऱ्या खात्याला जमीन, वन, मत्स्यव्यवसाय आणि विधी या खात्यांच्या सचिवांना बोलावून जाब विचारायचा अधिकार हवा. तो नसेल तर नोंदवही नुसती भरत जाईल.

हे खातं गृह खात्याच्या हाताखाली ठेवू नका. पुष्कळ भांडणांत पोलीस हीच एक बाजू असते, आणि आपल्यावर लाठी चालवणाऱ्याच्या दारात समेटाला कोणी येत नाही. घानाने २०११ मध्ये कायदा करून राष्ट्रीय शांतता परिषद नेमली. तिच्यावर ख्रिस्ती आणि मुस्लिम संस्थांचे, पारंपरिक राजांचे प्रतिनिधी बसतात आणि खाली प्रांत आणि जिल्हा पातळीवर परिषदा असतात. कायद्याने नेमलेली संस्था सरकार बदललं म्हणून उठवता येत नाही. माझ्या मते परिषद अशी स्वतंत्र असावी आणि रोजचं काम करणारी कचेरी थेट सरकारप्रमुखाला बांधलेली असावी. एकाच माणसाकडे दोन्ही देऊ नका.

आता स्थानिक समिती. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण सगळं इथेच जमतं किंवा फिसकटतं.

आमच्याकडच्या एका गावात पालखीवरून वाद होता. सहाणेवरून, म्हणजे पालखी बसवतात त्या जागेवरून, पालखी उठली की आधी कुठल्या वाडीत न्यायची? काही वर्षं पालखी देवळातच राहिली आणि बाहेर पोलिसांची गाडी. शांतता समितीच्या सभेत सगळे मान डोलवायचे आणि शिमगा आला की पुन्हा तेच. सभेला यायचे गावकर आणि मानकरी, पण निर्णय होता मुंबईकर मंडळांच्या हातात. लालबाग-परळच्या खोल्यांत बसलेल्या चाकरमान्यांचा होकार नव्हता तोवर गावातल्या सह्यांना किंमत नव्हती. मग गणपतीत, सगळे घरी असताना, बैठक लावली. तहसील कचेरीत नाही, देवळाच्या सभामंडपात. त्याआधी दोन्ही वाड्यांत घरोघर जाऊन बसले. एका ओटीवर एक आबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "रस्त्याचा काय नाय ओ मॅडम. आमच्या हातचा नारल परत केलानी, ता इसरायचा कसा?" माझ्या फायलीत इतके कागद होते, त्यात नारळाचा शब्द नव्हता.

करारात पहिलं कलम नारळाचं घातलं: पहिल्या दिवशी त्या घरचा नारळ दुसऱ्या वाडीचा मानकरी स्वतःच्या हाताने घेईल. मग वाट, एक वर्ष एका वाडीतून, पुढच्या वर्षी दुसरीतून, वेळेसकट. शेवटचं कलम असं की अर्थ लावण्यावरून पुन्हा वाद झाला तर कोणत्या तिघांकडे जायचं, आणि तोवर पालखी रस्त्यात थांबवायची नाही. प्रती देवळात, ग्रामपंचायतीत, पोलीस ठाण्यात आणि दोन्ही मंडळांकडे.

यातून देशाने घ्यायचं ते हे. जो खोलीत नाही पण अडवू शकतो, त्याला आधी शोधा, मग तो परदेशात बसलेला पुढारी असो की जंगलातली तुकडी. जागा सरकारी नको. आणि मागणीच्या कागदामागचा अपमान कोणीतरी ओटीवर बसून ऐकून घ्यायला हवा.

बायकांना समितीत शोभेपुरतं घेऊ नका. दोन वाड्यांचं भांडण त्यांच्या विहिरीवर, त्यांच्या माहेरावर येतं, म्हणून समेटाची वाट त्यांना आधी दिसते. केनियाच्या वजीर भागात १९९३ मध्ये वंशगटांची मारामारी थांबवायची सुरुवात बायकांनी बाजारापासून केली, आणि १९९५ मध्ये त्यातून उभी राहिलेली समिती जिल्हा प्रशासनाचा भाग झाली.

समिती काहीच घडत नसताना भरली पाहिजे. भिवंडीत १९८४ ला मोठी दंगल झाली होती. नंतर सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, हिंदू-मुस्लिम शेजारी आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

दक्षिण आफ्रिकेने हे देशभर केलं. १४ सप्टेंबर १९९१ ला सरकार, मंडेलांचा पक्ष आणि त्याचा प्रतिस्पर्धी, बुथेलेझींचा इंकाथा पक्ष यांनी राष्ट्रीय शांतता करारावर सह्या केल्या आणि त्याखाली अकरा प्रादेशिक आणि अडीचशेच्या आसपास स्थानिक समित्या उभ्या राहिल्या. रक्तपात लगेच थांबला नाही, नाताळ प्रांतात तर माणसं मरतच होती. तरी मोर्चा कुठल्या रस्त्याने न्यायचा हे दोन्ही बाजू आणि पोलीस एका टेबलावर ठरवू लागले. १९९४ च्या निवडणुकीनंतर ही रचना गुंडाळली गेली. मला ते आजही चुकीचं वाटतं.

करार झाल्यावर कोण काय सोडणार हे उघड दिसलं पाहिजे. मिझोराममध्ये १९६६ पासूनचं बंड ३० जून १९८६ च्या कराराने मिटलं. त्यासाठी मुख्यमंत्री लालथनहवला यांनी खुर्ची सोडली, कालच्या बंडखोरांचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि लालथनहवला त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री. पुढच्या फेब्रुवारीत मिझोरामला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला.

नेपाळचं उलट बाजूने बघा. आमच्या आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी माणसं असतात. त्यांच्यातल्या एकाचा काका माओवाद्यांशी चाललेल्या युद्धाच्या वर्षांत नेला गेला तो परत आला नाही. हा पुतण्या मला म्हणाला, "मॅडम, भांडण संपलं म्हणतात, पण आम्ही दहावं घालायचं की नाही तेच कोणी सांगत नाही." तिथे शांतता करार २००६ मध्ये झाला, २००७ मध्ये शांतता मंत्रालय झालं, जिल्ह्यांत समित्या झाल्या. बेपत्ता माणसांचा शोध घेणारा आयोग मात्र २०१५ मध्ये आला, आणि २०१८ मध्ये मंत्रालयच बंद झालं. प्रत्येक कलमापुढे खातं, अधिकारी आणि तारीख लिहा. बेपत्ता माणसांचं कलम सगळ्यांत वर ठेवा.

पैशाचं थोडक्यात: अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष, निदान पाच वर्षांची तरतूद, परदेशी मदतीवर पगार अवलंबून नको.

एक सावधगिरी. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून आर. आर. पाटील गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आणि ग्रामसभेने निवडलेल्या समितीने बांधाचे, वाटेचे वाद गावातच मिटवायचे ही कल्पना मला मनापासून पटते. पण मिटलेल्या तंट्यांच्या आकड्यावर बक्षीस ठेवलं की दुबळ्यावर दडपण येतं. बाईला झालेली मारहाण, जातीवरून झालेला अत्याचार, वाळीत टाकणं ही समेटाची प्रकरणं नव्हेत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, आणि गावकीने वाळीत टाकल्याच्या तक्रारी कोकणातूनही आल्या. असं प्रकरण समितीपुढे आलं तर तिने ते त्याच दिवशी पोलीस आणि न्यायालयाकडे पाठवावं, असा नियम पहिल्याच आदेशात घाला.

सुरुवात सगळ्या देशात एकदम नको. नोंदवहीतून पाच-सहा जिल्हे निवडा, त्यात एक-दोन शांत दिसणारेही घ्या. तिथे भाषा येणारा अधिकारी पाच वर्षं बदली न करता ठेवा. आणि दरवर्षी पेटण्याच्या तारखेच्या महिनाभर आधी करार सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या त्या गावात तो माघात वाचतात, मुंबईकरांना फोन लावून.