विद्यापीठाचं क्रीडा संकुल बांधताय? या चुका टाळा

नकाशा मंजुरीच्या बैठकीत सगळी चर्चा दर्शनी भागावर होते. काच किती, कमान कशी, नाव कुठे. विद्यापीठांच्या बांधकामांवर देखरेख करताना मला वारंवार जाणवलं की संकुल बिघडतं ते त्याच बैठकीत. पहाटे साडेपाचला कुलूप उघडणारा ग्राउंडमन आणि रोज सराव घेणारे कोच यांना तिथे कुणी बोलावलेलंच नसतं.

छताची उंची म्हणजे खेळाची उंची नव्हे

आंतरराष्ट्रीय बॅडमिंटनला कोर्टावर १२ मीटर मोकळी उंची लागते, व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलला किमान ७. निविदेत नुसतं ‘हॉलची उंची १२ मीटर’ लिहिलंत, तर कंत्राटदार ती छताच्या टोकापर्यंत मोजतो. मग ट्रस (छताचा आधार देणारा सांगाडा), दिवे आणि डक्ट (एसीच्या हवेचे मोठे नळ) खाली येतात आणि उंच मारलेलं शटल त्यांत अडकतं. म्हणून ‘कोर्टापासून पहिल्या अडथळ्यापर्यंत’ हे शब्द निविदेत घालाच.

कोर्टाच्या मागच्या भिंतीला काच नको, पांढरा रंगही नको. पांढरं शटल त्यात दिसत नाही. इमारत आधीच उभी असेल तर काच झाका, भिंतीला गडद हिरवा, न चमकणारा रंग द्या आणि दिवे डोक्यावरून काढून कोर्टाच्या दोन्ही बाजूंना न्या. शटल जेमतेम पाच ग्रॅमचं असतं, त्यामुळे एसीचा झोत कोर्टाकडे वळलेला असला तरी खेळ बिघडतो.

ओल्या स्लॅबवर लाकडी फ्लोअरिंग

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एका विद्यापीठात उद्घाटनाची तारीख आधीच ठरली होती, म्हणून ऐन जूनमध्ये फळ्या बसवल्या. गणपती येईपर्यंत प्रत्येक फळीच्या कडा वर आल्या, मधला भाग खोलगट झाला. हात फिरवला की पन्हाळी जाणवायची. बॉल टप्पा घेऊन भलतीकडे जायचा. त्या हॉलमध्ये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची तयारी करणारी मुलं उभी होती, आणि त्यांना आत सोडता येत नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

‘२८ दिवस झाले, स्लॅब तयार आहे,’ असं साइटवर सांगितलं जातं. पण २८ दिवसांत मोजतात ती काँक्रीटची ताकद. ओल निघायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. तपासणी सोपी आहे. मीटरभर प्लास्टिकचा कागद स्लॅबवर पसरा, चारही कडा टेपने बंद करा, दुसऱ्या दिवशी उघडा. खाली पाण्याचे थेंब किंवा काळपट डाग दिसले तर फळ्या गोदामातच राहू द्या. भिंतीलगत फुगायला फटही सोडा. ती स्कर्टिंगने, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीने, झाकायची असते, सिमेंटने भरायची नसते.

फळ्यांच्या कडा वर आल्या असतील तर लगेच सँडिंग मशीन (लाकूड तासायचं यंत्र) फिरवू नका. ओल्या फळ्यांच्या कडा तासल्या की वाळल्यावर मध्यभाग वर येतो आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. तुंबलेली पन्हळ, गळका पाइप, बाहेर वाढलेली मातीची पातळी. मग हॉल पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतरच तासा. कंत्राटात दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीत, किमान एक अख्खा पावसाळा आला पाहिजे.

आरोग्य केंद्र वरच्या मजल्यावर

गुडघा फिरलेल्या मुलाला जिना चढायला लावू नका. फिजिओथेरपीची खोली तळमजल्यावर, मैदानाकडे उघडणारी हवी आणि रुग्णवाहिका दारापर्यंत यायला हवी. रॅम्पचा उतार एकास बारा. जोतं ६० सेंटीमीटर असेल तर निव्वळ उतारच ७.२ मीटर लांब होतो. एवढी जागा नकाशातच राखून ठेवा. नंतर बसवलेला आखूड रॅम्प इतका उभा होतो की व्हीलचेअर ढकलणाऱ्यालाही धाप लागते.

सामान ठेवायला खोलीच नाही

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे मॅटचे मीटर-मीटरचे १३० तुकडे. स्टोअर नसेल तर ते जातात कुठे? मी दोन ठिकाणी ते मुलींच्या चेंजिंग रूममध्ये रचलेले पाहिले. कडी लावायला जागा नव्हती, दिवा मॅटच्या आड गेला होता. मुली वसतिगृहातूनच कपडे बदलून यायच्या, आणि पावसाळ्यात संध्याकाळच्या सरावाला येणंच बंद व्हायचं. कोर्टाच्या पातळीवर ट्रॉली सहज जाईल एवढ्या रुंद दाराचं स्टोअर द्या, आणि मुलींच्या खोलीची किल्ली त्यांच्या कोचकडे असू द्या.