देखणा फोन घेण्याआधी दुकानात काय तपासाल?

काचेची पाठ, कडेला वळलेला डिस्प्ले, वर आलेला भलामोठा कॅमेरा हे सगळं फोटोत छान दिसतं. त्रास कळतो तो वापरताना. म्हणून बंद डबा घेण्याआधी डेमो फोन मागा आणि जमल्यास त्यात स्वतःचं सिम टाका.

आधी पकड बघा. कव्हर न लावता फोन एका हातात धरा आणि पकड न सरकवता अंगठा वरच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन पाहा. रुंदी ७५ मिमीच्या पुढे आणि वजन २०० ग्रॅमच्या वर गेलं की बहुतेकांना ते जमत नाही. वर कव्हरचं वजन असतंच. फोन हातात धरलेला असताना सिग्नलकडेही लक्ष ठेवा. २०१० च्या आयफोन ४ मध्ये अँटेना बाहेरच्या पट्टीतच होता. डावीकडची खालची बाजू हाताखाली दबली की रेंज उतरायची. शेवटी अ‍ॅपलला फुकट बंपर, म्हणजे कडेभोवती बसणारी कव्हरं, वाटावे लागले.

कर्व्ह डिस्प्ले असेल तर मराठी कीबोर्ड उघडा आणि अगदी कडेची अक्षरं टाइप करा. तळहाताचा मांसल भाग कडेला टेकतो, फोन तोही स्पर्श धरतो आणि भलतंच काहीतरी उमटतं. खरी डोकेदुखी पुढे, स्क्रीनगार्डची. साधी सपाट काच वळणावर बसत नाही. फक्त कडांना गोंद असलेली काच लावली तर मध्ये हवा राहते आणि टच मंदावतो. यूव्ही, म्हणजे अतिनील दिव्याखाली सुकणाऱ्या गोंदाची काच नीट बसते, पण गोंद पातळ असतो. दिव्याखाली सुकण्याआधी तो इअरपीसच्या जाळीत आणि बटणांच्या फटीत उतरतो. मग आवाज दबतो, बटण अडकतं. लावायचीच असेल तर आधी जाळी आणि बटणांवर टेप लावायला सांगा. त्यापेक्षा टीपीयू फिल्म, म्हणजे मऊ प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, बरी: ओरखडे थांबतात, पण फोन पडला तर डिस्प्ले वाचेल याची खात्री नाही.

आता एक कॉल करा आणि मिनिटभर फोन कानाला लावून बोला, मान थोडी हलवत. काही फोनमध्ये वरची पट्टी बारीक दिसावी म्हणून वेगळा प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे कान जवळ आला की स्क्रीन बंद करायला लावणारा सेन्सर, दिलेलाच नसतो. फोन कानाजवळ आहे हे सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवतं. अंदाज चुकला की स्क्रीन पेटते आणि गालानेच म्यूट किंवा होल्ड दाबला जातो. हे सेटिंगमधून पूर्ण सुटत नाही, त्यामुळे तसा फोन नाकारलेलाच बरा.

हेडफोनचा जॅक नसेल तर टाइप-सी अ‍ॅडॉप्टर तिथेच लावून ऐका. डॅक म्हणजे डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करणारी चिप. साधा, बिनडॅकचा अ‍ॅडॉप्टर सगळ्या फोनवर चालत नाही, डॅकवाला घ्या. सिम ट्रे हायब्रिड असेल तर दुसरं सिम किंवा मेमरी कार्ड, दोन्हींपैकी एकच. कव्हरची कड कॅमेऱ्याहून थोडी उंच हवी, नाहीतर टेबलावर ठेवताना लेन्सच घासते.

आयपी६८ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा. त्याची चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही. पाण्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही, तेव्हा कोकणात किंवा गोव्यात फोन पाण्यात नेऊ नका.

पैसे देण्याआधी सर्व्हिस सेंटरला डिस्प्ले आणि मागच्या काचेचा भाव विचारा. नुसता डिस्प्लेच फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जात असेल तर सपाट डिस्प्लेचं मॉडेल पाहा.

फोन आधीच घेतला असेल तर नेव्हिगेशनमध्ये जेस्चरऐवजी (बोट सरकवून फोन चालवण्याऐवजी) तीन बटणं निवडा. कडेला बोट लागून मागे जाणं थांबतं. फिकट अक्षरं वाचता येत नसतील तर अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये हाय कॉन्ट्रास्ट टेक्स्ट चालू करा.