दवाखान्याचं नेट: कंपनीला फोन सगळ्यात शेवटी

गावात नवा दवाखाना टाकला आणि नेट सारखं जायला लागलं, की आधी लाईटकडे बघा. डीपी जळाली किंवा फेज गेला, की फायबर धडधाकट असूनही मोडेम बंद. लाईट क्षणभर गेली तरी तो पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. तेवढ्यात ई-संजीवनीचा, म्हणजे सरकारी ऑनलाइन डॉक्टर-सल्ल्याचा, कॉल तुटलेला असतो. मोडेम इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरचं बटण ‘यूपीएस’ मोडवर हवं. साध्या मोडमध्ये बदल सावकाश होतो आणि काही मोडेम तेवढ्यात रिस्टार्ट होतात.

स्वस्तातला उपाय म्हणजे मिनी यूपीएस, मोडेम-राऊटरपुरती छोटी बॅटरी. इथे हमखास फसगत होते. डब्यावर १०,४०० एमएएच छापलेलं असतं, पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. म्हणजे जेमतेम ३८ वॉट-तास. मोडेम आणि राऊटर मिळून १५ वॉट ओढत असतील तर कागदावर अडीच तास, प्रत्यक्षात दोन धरा. अॅडॉप्टरवरचे व्होल्टही वाचा. ९ व्होल्टच्या राऊटरला १२ दिले तर तो जळू शकतो.

लाईट आहे, तरी नेट नाही? मोडेमवर ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकत असेल तर तारेतून प्रकाशच येत नाही. दिवाळीच्या सुमारास कापसाने वरपर्यंत भरलेल्या गाड्या फिरू लागल्या, की रस्त्यावरून आडवी गेलेली तार आधी बघावी. वानरं वर्षभर आहेतच. लाईनमन आला की त्याला तारेतला प्रकाश मोजायचं मीटर लावायला सांगा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम (प्रकाशाच्या जोराचं माप) ठीक. उणे २७ च्या आसपास आकडा असेल तर आज चालणारं नेट उद्या जाईल. जोड कच्चा, हिरव्या कनेक्टरवर धूळ, नाहीतर तार मुडपलेली, यातलंच काहीतरी असतं. उरलेल्या तारेचं वेटोळं वाटीपेक्षा लहान करू नका.

बरेच घरगुती राऊटर ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. मे महिन्यातल्या चंद्रपूर-अकोल्यात तो बंद कपाटात ठेवणं म्हणजे भट्टीत ठेवणं.

दुसरी लाईन हवीच, पण त्याच खांबावरून येणारी नको. ४जी सिम घ्या, आणि घेण्याआधी मोबाईलवर ओपीडीच्या वेळेत अपलोड मोजा. एक्स-रेची २० एमबीची फाईल २ एमबीपीएसने जायला ८० सेकंद लागतात. मात्र लाईट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही बसते, म्हणून केसपेपर कागदावर लिहायची सोय मोडू नका.

दोन लाईनवाल्या राऊटरला नुसती वायर जोडलेली आहे का एवढंच तपासायला लावू नका. मोडेम चालू असतो आणि पुढे नेट मेलेलं असतं. दर ५ सेकंदांनी इंटरनेटवरच्या दोन पत्त्यांना पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक, सलग तीनदा उत्तर नाही तर सिमवर. परत फायबरवर यायला मात्र ३ मिनिटं थांबवा, नाहीतर लाईन लपंडाव खेळत राहते.

महिन्यातून एकदा, पेशंट नसताना, फायबरची पिन काढून बघा. सिमवर नेट आलं नाही, तर आधी त्याचा रिचार्ज संपलाय का ते पाहा. बहुतेकदा तोच संपलेला असतो.