हायपरन्यूक्लियसचा वीक डीके: थेअरी अन् एक्सपेरिमेंट टॅली कसं करायचं

आपल्या नागपुरात एमएस्सी प्रोजेक्टवाले पोट्टे नेहमी हेच करून राहिले, थेअरीच्या पेपरातून एक आकडा उचलायचा, एक्सपेरिमेंटच्या पेपरातून दुसरा, अन् मग "सर, जुळतच नाही". अबे जुळंल कसं, दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत का ते तर पहा आधी!

लाइफटाइमपासून सुरू करा. लॅम्डा म्हणजे न्यूट्रॉनसारखाच पण जरा जड, स्ट्रेंज क्वार्कवाला कण; तो आत बसला की न्यूक्लियसचं हायपरन्यूक्लियस होते, अन् तो वीक फोर्सनं तुटतो तो वीक डीके. मोकळा लॅम्डा 263 पिकोसेकंद जगतो, कार्बन-12 च्या हायपरन्यूक्लियसमधला साधारण 212, म्हणजे टोटल रेट 263 भागिले 212, 1.24 पट. इथं थेअरी बऱ्यापैकी जुळते, पण बेरीज जुळली म्हणून आतले हिस्से बरोबर असं काही नसते.

खरी गंमत न्यूट्रॉन-प्रोटॉन रेशोत आहे. मोकळा लॅम्डा तुटून एक न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) अन् एक पायॉन नावाचा हलका कण देतो; न्यूक्लियसच्या आत हा पायॉनवाला डीके पाउली ब्लॉकिंगनं (नव्या न्यूक्लिऑनच्या जागा आधीच भरलेल्या) दबतो, मग लॅम्डा शेजारच्या न्यूट्रॉनला नाहीतर प्रोटॉनला धरतो अन् दोन जोरदार न्यूक्लिऑन बाहेर फेकतो. न्यूट्रॉनवाला रेट भागिले प्रोटॉनवाला, हा तो रेशो. थेअरीत नुसता वन-पायॉन एक्सचेंज (लॅम्डा अन् न्यूक्लिऑनमध्ये एका पायॉनची देवाणघेवाण) घेतला तर 0.1 च्या आसपास, जुनी मोजमापं मात्र 1 च्या आसपास, त्यावर कितीक वर्षं डोकेफोड झाली. केऑनचा (पायॉनचाच जड, स्ट्रेंज भाऊ) एक्सचेंज घातल्यावर थेअरी वर चढली, तरी अर्धा घोळ मोजणीचाच होता. डिटेक्टरात येणारा न्यूट्रॉन मूळ डीकेचाच असतो कुठं? बाहेर पडताना धडका खातो, प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, अन् लॅम्डानं दोन न्यूक्लिऑन एकदम धरून होणारा डीकेही त्यातच मिसळते.

म्हणून थेअरीचे रेट कॅस्केड सिम्युलेशनमधून (बाहेर पडतानाच्या या धडका कॉम्प्युटरवर चालवून) काढा, एक्सपेरिमेंटचेच कट, म्हणजे कण निवडायच्या अटी, लावा (30 एमईव्ही एनर्जीच्या वरचे कण, दोघांमधल्या कोनाचा कोसाइन उणे 0.8 पेक्षा कमी, म्हणजे जवळपास पाठीला पाठ) अन् एनएन (दोन न्यूट्रॉन) अन् एनपी (न्यूट्रॉन-प्रोटॉन) जोड्या मोजून त्यांचाच रेशो लावून पहा. जपानच्या केईके अ‍ॅक्सिलरेटर लॅबनं अशाच जोड्यांवरून कार्बनसाठी 0.51 काढला, एरर 0.13 स्टॅटिस्टिकल अन् 0.05 सिस्टिमॅटिक. दोन्हीचे वर्ग जोडून मूळ काढा, 0.14 येते, म्हणजे 0.1 वाली थेअरी जवळपास तीन सिग्मा (एररच्या तिप्पट) दूर. पण त्याच धर्तीच्या जोड्यांवर कॅस्केड लावणाऱ्यांना 0.3 ते 0.4 मिळाला, त्यामुळं आकड्यासोबत तो कसा काढला हे लिहा, नाहीतर व्हायव्हात अडकाल.

अन् रेशो जुळला की पेन ठेवू नका, असिमेट्री (लॅम्डाच्या स्पिनच्या दिशेनं अन् उलट दिशेनं निघणाऱ्या प्रोटॉनमधला फरक) तपासा. हीलियम-5 च्या हायपरन्यूक्लियसमध्ये ती शून्याजवळ मोजली गेली, पायॉन-केऑनवाली मॉडेलं उणे 0.6-0.7 सांगत होती, टू-पायॉन एक्सचेंज घातल्यावर थेअरी शून्याकडं सरकली.