कीमो चालू आहे आणि घरात काढे-कॅप्सूल येतायत, मग काय करायचं

आईला ब्रेस्ट कॅन्सर निघाला आणि पहिल्या पंधरा दिवसांत ओट्यावर गुळवेलीचा काढा, गव्हांकुर पावडर, लक्ष्मणफळाची वाळकी पानं आणि हळदीच्या कॅप्सूलचा डबा, एवढं सगळं जमलं, कारण भेटायला येणारा रिकाम्या हाताने येतच नाही.

झाडपाल्यात दम नसतो असं नाही हां. पॅक्लिटॅक्सेल हे कीमोचं औषध मुळात पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतलं, विनोरेलबिन या दुसऱ्या औषधाचं मूळ आपल्या सदाफुलीत. पण यूची साल १९६२ मधे गोळा केली आणि अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली १९९४ ला, मधली वर्षं सालीतलं औषध वेगळं काढण्यात आणि डोस नि विषारीपणा तपासण्यात गेली. म्हणून सदाफुलीची पानं चावून खाऊ नका, विषारी आहेत.

तर पहिलं काम, एक वही करा. तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट त्यात, किती, दिवसातून किती वेळा, कधीपासून. डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, पुढच्या बाजूला नुसतं 'शंभर टक्के नैसर्गिक' असतं. वही ओपीडीत डॉक्टरांसमोर उघडून ठेवा, "तसं काही नाही, आयुर्वेदिक आहे फक्त" असं पुटपुटू नका (मी तेच केलं होतं). वैद्यांकडे जात असाल तर कीमोची फाइल त्यांनाही दाखवा.

आमच्या हळदीच्या कॅप्सूलच्या डब्यावर बारीक अक्षरात काळ्या मिरीचा अर्क लिहिलेला, डॉक्टरांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. आई टॅमॉक्सिफेन या हार्मोनवरच्या गोळीवर, त्या गोळीचं लिव्हरमधे एंडॉक्सिफेन होतं आणि खरं काम ते करतं. नेदरलँड्समधे १६ पेशंटवर बघितलं, २०१९ ला छापून आलं, हळदीतलं कर्क्युमिन १२०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा आणि सोबत मिरीतलं पायपरिन दिलं तर एंडॉक्सिफेन साधारण १२ टक्क्यांनी उतरलं. आमटीतली हळद वेगळी, तेवढी चालते म्हणाले. कॅप्सूल बंद.

गुळवेलीवर घरात भांडण झालं, कोविडमधे सगळ्यांनी प्यायली होती ना! पण मुंबईत २०२० मधे गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला मार बसल्याचं डॉक्टरांनी २०२१ ला छापलं, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही तो भाग वेगळा. आपल्यापुरतं एवढंच की कीमोत एसजीपीटी (लिव्हरला मार बसला की रक्तात वाढणारा आकडा) वाढलं तर दोष औषधाचा की काढ्याचा हे कळत नाही आणि कीमोची पुढची सायकल, म्हणजे फेरी, लांबते.

पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब या ब्रेस्ट कॅन्सरच्या गोळ्या चालू असतील तर ग्रेपफ्रूट नाही. पांढऱ्या पेशी खाली असताना गव्हांकुराचा कच्चा रस नको, इन्फेक्शनची भीती. ऑपरेशन ठरलं की लसूण, आलं, जिन्को असल्या कॅप्सूल कधी थांबवायच्या ते विचारा, रक्तस्राव वाढू शकतो, साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात.

आणि आधीच काही घेऊन झालं असेल तर पुढच्या डोसच्या आधी सांगून टाका, ओरडा खावा लागला तरी चालेल. पाहुण्यांशी वाद घालू नका, डबा घ्या, चहा द्या. आमचे तीन डबे फ्रिजवर अजून सीलबंद आहेत.