आधी जीभ पाहा, मग ताट: जीवनसत्त्वांची उणीव ओळखण्याची आणि कोकणच्या स्वयंपाकातून ती भरून काढण्याची रीत

जीवनसत्त्व कमी पडलं की त्याची खूण सगळ्या अंगावर एकदम उमटत नाही. ज्या भागातल्या पेशी भराभर बदलतात, तिथे ती आधी दिसते. म्हणून ‘अंगात कस नाही, एखादी ताकदीची गोळी द्या’ म्हणण्याआधी कुठे काय बिघडलंय हे नीट पाहावं. त्यासाठी शरीराची रचना थोडी माहीत हवी.

सारखं काम करणाऱ्या पेशी एकत्र आल्या की ऊती होते, ऊती मिळून अवयव होतो आणि अवयव मिळून पचनसंस्था, रक्ताभिसरण संस्था अशा संस्था बनतात. ऊतींचे मुख्य प्रकार चार. अभिस्तर ऊती म्हणजे त्वचा आणि तोंड, आतडी, श्वासनलिका यांचं आतलं अस्तर. संयोजी ऊतींत हाडं, कूर्चा, रक्त आणि सगळ्यांना बांधून ठेवणारे तंतू येतात. उरलेल्या दोन म्हणजे स्नायू ऊती आणि चेता ऊती. एकट्या जठरात या चारही सापडतात: आतून अस्तर, त्याबाहेर स्नायूंचे थर, मध्ये रक्तवाहिन्या आणि तंतू, आणि हालचाल सांभाळणाऱ्या नसा.

आता वेग पाहा. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. जिभेवरच्या चवीच्या पेशींना दहाएक दिवस लागतात, त्वचेच्या वरच्या थराला सुमारे महिना. तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. हाड बदलायला वर्षं लागतात, आणि बहुतेक चेतापेशी तर जन्मभर त्याच राहतात. म्हणून फोलिक आम्ल किंवा ब-१२ कमी पडलं की जीभ आणि रक्त आधी बोलतात. हाडांची तक्रार उशिरा येते आणि भरून यायलाही तितकाच वेळ घेते.

जीवनसत्त्वातून ऊर्जा मिळत नाही, मांसही चढत नाही. पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणायला ती लागतात, तीही अगदी थोडी. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ‘क’ जीवनसत्त्व ८० मिलिग्रॅम लागतं, स्त्रीला ६५. ब-१२ फक्त २.२ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-सव्वादुप्पट. मात्र एवढंसं नेमाने पोटात गेलं पाहिजे आणि ते आतड्यातून रक्तात उतरलंही पाहिजे.

घरच्या घरी काय पाहायचं

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बसवून पाहा. ट्यूबलाइटच्या उजेडात फिकेपणा नीट कळत नाही.

जीभ बाहेर काढायला सांगा. निरोगी जीभ गुलाबी आणि किंचित खरखरीत असते. ती लाल, गुळगुळीत, चकचकीत दिसत असेल आणि तिखट लागताच झोंबत असेल, तर फोलिक आम्ल, ब-१२ किंवा लोह कमी असण्याची शक्यता आहे. ओठांचे कोपरे फुटत असतील तर ब-२ किंवा लोहाकडे लक्ष द्या. मात्र म्हाताऱ्या माणसांत नीट न बसणाऱ्या कवळीमुळेही कोपरे चिरतात.

हिरड्यांतून रक्त येतं म्हणून लगेच ‘क’ कमी असा निष्कर्ष काढू नका. बहुतेक वेळा दातांवरचं कीटण हे त्याचं कारण असतं, आणि मिश्री लावणाऱ्या बायकांत तर हिरड्या आधीच खराब झालेल्या असतात. ‘क’ची खरी कमतरता असेल तर हिरड्या सुजून मऊ पडतात, जखम लवकर भरत नाही आणि केसांच्या मुळाशी बारीक लाल ठिपके दिसतात. जखम सांधणारा कोलॅजन हा तंतू ‘क’शिवाय पक्का बनत नाही, म्हणून हे होतं.

लहान मूल दिवेलागणीनंतर अडखळत असेल, समोरचं ताट चाचपत असेल, किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा पांढुरका डाग दिसत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. अंधुक उजेडात पाहण्यासाठी लागणारं दृष्टिपटलातलं रंगद्रव्य ‘अ’पासून बनतं, आणि ‘अ’ फार कमी पडलं तर बुबुळाचा पारदर्शक भाग कायमचा खराब होऊ शकतो. लसीकरणात नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ‘अ’चे नऊ डोस देतात: पहिला एक लाख युनिटचा, पुढचे दर सहा महिन्यांनी दोन लाखांचे. पहिले एकदोन झाले की पुढचे अनेक घरांत राहून जातात. मुलाचं कार्ड काढून डोस मोजा.

तळपायाला मुंग्या येणं, अंधारात चालताना तोल जाणं, चप्पल पायातून निघाली तरी न कळणं ही ब-१२च्या कमतरतेची लक्षणं असू शकतात. मधुमेहातही असंच होतं, आणि दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

भातापासून सुरुवात

कोकणात दिवसातून दोनदा भात होतो, म्हणून सगळ्यांत जास्त फरक इथेच पडतो. ब-१ हे भाताच्या कोंड्यात आणि अंकुरात असतं. पांढराशुभ्र सडलेला, म्हणजे कोंडा काढून पॉलिश केलेला, तांदूळ घेतला की ते गिरणीतच राहतं. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरने १८९० च्या दशकात हेच पाहिलं: सडलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले, कोंड्यासकट तांदूळ दिल्यावर त्या बऱ्या झाल्या. माणसातल्या बेरीबेरी या ब-१च्या कमतरतेने होणाऱ्या आजाराचं कारण शोधण्याची वाट त्यातूनच निघाली.

उकड्या तांदळात ही अडचण बरीच कमी होते. भात सालीसकट भिजवून उकडताना कोंड्यातलं ब-१ पाण्याबरोबर दाण्याच्या आत उतरतं आणि मग सडलं तरी बरंचसं टिकतं. मुलांना उकडा भात जाड लागतो म्हणून घराघरांतून तो हद्दपार होतोय, याचं वाईट वाटतं. निदान सकाळची पेज तरी उकड्याची ठेवा.

पेजेची रीत अशी. एक वाटी उकडा तांदूळ दोनदाच, हलक्या हाताने धुवा. चोळून चोळून चार पाण्यांत धुतला की वरवरची ‘ब’ जीवनसत्त्वं गटारात जातात. सहा-सात वाट्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि त्याच पाण्यात मंद आचेवर शिजत ठेवा. शीत बोटाने चेपलं की मोडेल इतपत झालं की मीठ घाला. शीत आणि पाणी दोन्ही खायचं असल्याने यातलं काहीच फुकट जात नाही. भात वेळून निवळ, म्हणजे वरचं पाणी, टाकून देणाऱ्या घरांत मात्र रोज नुकसान होतं. वेळायचाच असेल तर ती निवळ आमटीत घाला किंवा मीठ घालून प्या.

रेशनवर फोर्टिफाइड तांदूळ आला असेल तर त्यात साधारण शंभरात एक दाणा थोडा वेगळा दिसतो आणि धुताना कधी कधी पाण्यावर तरंगतो. लोक त्याला ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून वेचून टाकतात. तो तांदळाच्या पिठाचाच दाणा असतो, त्यात लोह, फोलिक आम्ल आणि ब-१२ मिसळलेलं असतं. वेचू नका, आणि पाण्याबरोबर वाहू देऊ नका.

पावसाळी पाला

जूनमध्ये यांत्रिक होड्या बंदरात उभ्या राहतात आणि जुलैअखेरपर्यंत ताजी मासळी कमी मिळते. नेमका त्याच वेळी टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी उगवते. हिरव्या पाल्यात फोलिक आम्ल, ‘के’ आणि शरीरात ‘अ’ बनवणारं बीटा कॅरोटीन असतं. शेवग्याचा पाला तर बारमाही मिळतो. गोकुळाष्टमीला सिंधुदुर्गात जी शेगलाची (शेवग्याच्या पाल्याची) भाजी आंबोळीबरोबर करतात, ती महिन्यातून चार वेळा करायला काहीच हरकत नाही.

शिजवताना चुका होतात त्या अशा. पाला चिरून मग धुतात, त्यामुळे चिरलेल्या कडांतून ‘क’ आणि फोलिक आम्ल पाण्यात उतरतं. रंग हिरवागार राहावा म्हणून सोडा टाकतात, आणि सोड्याने ‘क’ व ब-१ दोन्ही नष्ट होतात. तिसरं म्हणजे उघड्या कढईत अर्धा तास परततात.

त्याऐवजी अख्खा पाला मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवा आणि वरच्यावर उचलून घ्या, म्हणजे रेती तळाशी राहते. असं दोन-तीनदा करा आणि पाणी निथळू द्या. फोडणीची तयारी झाल्यावरच चिरा. एक चमचा तेलात लसूण, कांदा, मिरची परतून पाला घाला, पाणी घालू नका. झाकण ठेवून त्यावर पाणी ओता. वाफेवर कोवळा टाकळा पाच-सात मिनिटांत होतो, शेवग्याच्या पाल्याला थोडं जास्त लागतं. खाली उतरवताना दोन-तीन चमचे ओलं खोबरं घाला. ते चवीपुरतं नाही: बीटा कॅरोटीन, ‘के’ आणि ‘ड’ चरबीबरोबरच आतड्यातून नीट शोषली जातात, आणि तेल-खोबरं न घालता उकडलेल्या पाल्यातून फार थोडं हाती लागतं. लिंबू पिळायचं ते ताटात वाढल्यावर, कारण कढईत उकळलं तर त्यातलं ‘क’ कमी होतं. पाल्यातलं लोह शोषायला ते ‘क’ लागतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर मात्र उलटं होतं.

रानभाजी ओळखीची असेल तीच खुडा. खात्री नसेल तर जाणत्या बाईला दाखवूनच चुलीवर चढवा.

याच पाल्यातलं फोलिक आम्ल सापडण्याची वाट मुंबईतून गेली. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली तिथे आल्या आणि गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातल्या पंडुरोगावर त्यांनी काम केलं. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी दाखवलं आणि तो घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांत मिटते, म्हणजे बहुतेकींना दिवस गेल्याचं कळण्याच्या आधीच. म्हणून फोलिक आम्लाच्या गोळ्या मूल हवं असं ठरवल्यापासून सुरू करायच्या असतात.

आंबट म्हणजे ‘क’ नव्हे

कोकम आंबट आहे ते मुख्यतः हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लामुळे, चिंच टार्टारिक आम्लामुळे. सोलकढी अवश्य प्या, पण ‘क’साठी तिच्यावर विसंबू नका. ‘क’ हवं तर पेरू, आवळा आणि काजूचा बोंडू. बोंडूत संत्र्याच्या चार-पाच पट ‘क’ असतं, एका मध्यम बोंडूत दिवसाची गरज भागते. आणि मार्च ते मे दरम्यान बिया काढून घेऊन ढीगच्या ढीग बोंडू झाडाखाली कुजतात! घसा खवखवतो तो त्यातल्या टॅनिनमुळे. बी पिळून अलग करा, तिच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, ते बोंडूला लागू देऊ नका. चकत्या करून मीठ लावा, पंधरा मिनिटांनी सुटलेलं पाणी टाका आणि लगेच खा. वाळवून किंवा आटवून ‘क’ फारसं उरत नाही, तीच गत आंबापोळीची आणि आंबोशीची.

मासळी, ऊन आणि गोळ्या

ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही. बांगडा, तारली, तिसऱ्या (शिंपले), सुकी मासळी, अंडी, दूध यांतून मिळतं. तिसऱ्यांत ते भरपूर असतं. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून श्रावण पाळल्याने काही बिघडत नाही. जन्मभर शाकाहारी असलेल्यांनी रोज अर्धा लिटरच्या आसपास दूध, दही, ताक ठेवावं. साठीनंतर, मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असताना किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेताना मासे खाऊनही ब-१२ कमी पडू शकतं, कारण ते शोषायला जठरातलं आम्ल आणि तिथे पाझरणारं एक प्रथिन लागतं. अशांनी रक्त तपासून घ्यावं. आणि नुसत्या फोलिक आम्लाच्या गोळ्या मनाने घेत राहू नये: रक्त सुधारलेलं दिसतं, पण ब-१२विना नसा आतून खराब होत राहतात.

‘ड’ मुख्यतः उन्हातून मिळतं, आणि तेही कोवळ्या उन्हातून फारसं नाही. आपली सावली उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन हवं, म्हणजे साधारण सकाळी साडेदहानंतरचं. हातपाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा बसा. काचेआडून उपयोग नाही. पावसाळ्याचे चार महिने ऊन मिळत नाही, त्या काळात बांगडा, तारली आणि अंड्याचा बलक यांनी थोडाफार हातभार लागतो. त्यासाठी पापलेट-सुरमईवर पैसे घालवायची गरज नाही.

डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी दिली असेल तर ती बहुधा आठवड्यातून एकदा असते. रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं: मळमळ, सतत तहान, बद्धकोष्ठता, पुढे मूत्रपिंडाला इजा. चिठ्ठीवर वार लिहून घ्या आणि तो कॅलेंडरवर खूण करून ठेवा. ‘अ’च्या जोरकस गोळ्या गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, त्याने गर्भाला अपाय होऊ शकतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी बंद करू नका, आणि एरवी न खाणाऱ्याने एकदम रोजही सुरू करू नका. पाल्यातल्या ‘के’मुळे त्या औषधाचं प्रमाण हलतं, म्हणून आठवड्याला जितकी भाजी खाता तितकीच ठेवा आणि पावसाळ्यात ती वाढणार असेल तर तपासणीच्या वेळी आधी सांगा.