सिरियल उपकरण इथरनेटला जोडताय? या चुका टाळा

महापे, रबाळे, तुर्भे किंवा ठाण्यात वागळे इस्टेट. इथल्या कारखान्यांत वजनकाटे आणि एनर्जी मीटर अजून सिरियल पोर्टवर, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जुन्या जोडणीवर चालतात. मशीन ठणठणीत असतं, फक्त त्याचं रीडिंग ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर हवं असतं. त्यासाठी मधे सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर लावतात. डेटा आला नाही की पहिला संशय नेटवर्कवर जातो, राउटर बंद-चालू होतो. दोष मात्र बऱ्याचदा सिरियलच्या बाजूला निघतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पिंग (नेटवर्कवरच्या पत्त्याला मारलेली हाक) लागला की जोडणी झाली असं धरून चालणं. पिंगला उत्तर कन्व्हर्टर देतो, काटा नाही. काट्याची वायर उपटून ठेवली तरी पिंग लागेल. त्यापेक्षा कन्व्हर्टरचे दिवे बघा. मीटरला विचारणा गेल्यावर टीएक्स (पाठवल्याचा दिवा) लुकलुकतो आणि आरएक्स (आल्याचा दिवा) हलत नाही, तर उपकरण उत्तर देत नाहीये: वायरिंग, बॉड रेट (डेटाचा वेग) आणि स्लेव्ह आयडी (लाइनवरचा मीटरचा नंबर) तपासा. दोन्ही लुकलुकतात पण स्क्रीनवर अगम्य चिन्हं येतात, तर बॉड रेट किंवा पॅरिटी (चूक पकडणाऱ्या बिटची सेटिंग) जुळत नाही. दोन्ही थंड असतील तरच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), पोर्ट नंबर आणि फायरवॉलकडे वळा. सतत वजन पाठवणाऱ्या काट्याला विचारावं लागत नाही, तिथे नुसता आरएक्स चालला तरी ठीक.

आरएस-२३२ मध्ये, म्हणजे एका वेळी एकच उपकरण जोडतात त्या सिरियल प्रकारात, गोंधळ होतो तो सरळ आणि क्रॉस (२ आणि ३ नंबरच्या वायरी उलटवलेल्या) केबलचा. अंदाजाने केबल बदलत बसू नका. केबल काढा, उपकरण चालू ठेवा आणि मल्टिमीटरने ९ पिनच्या कनेक्टरवर ५ नंबरच्या पिनच्या, म्हणजे ग्राउंडच्या तुलनेत २ आणि ३ मोजा. जिथे उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास दिसेल ती उपकरणाची पाठवणारी पिन. हेच कन्व्हर्टरवर करा. दोन्हीकडे तीच पिन पाठवत असेल तर क्रॉस केबल हवी.

आरएस-४८५ वर, म्हणजे एकाच लाइनवर अनेक मीटर जोडतात त्या प्रकारात, ए आणि बी ही अक्षरं सगळ्या कंपन्या एकाच अर्थाने छापत नाहीत. उत्तर येत नसेल तर दोन वायरी अदलाबदल करून बघा, त्याने काही जळत नाही. १२० ओहमचा रेझिस्टर लाइनच्या दोन टोकांनाच, प्रत्येक मीटरला नाही. नवे मीटर बहुधा एकाच आयडीवर येतात, तेव्हा लाइनवर टाकण्याआधी आयडी बदला.

मॉडबसवाल्यांचा (मॉडबस म्हणजे मीटरशी बोलायची ठरलेली भाषा) वेळ इथे जातो: मीटर बोलतो तिचा सिरियल प्रकार, आरटीयू; सॉफ्टवेअरमध्ये निवडलेला असतो इथरनेटचा प्रकार, मॉडबस टीसीपी, पोर्ट ५०२. साधा कन्व्हर्टर बाइट जसेच्या तसे पुढे ढकलतो, भाषांतर करत नाही. मीटरला ती फ्रेम (तसा मांडलेला संदेश) कळतच नाही. एकतर गेटवे मोड असलेला, म्हणजे भाषांतर करणारा कन्व्हर्टर घ्या, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये ‘आरटीयू ओव्हर टीसीपी’ निवडा. कन्व्हर्टर विकत घेण्याआधी दुकानदाराला हे विचाराच.

कन्व्हर्टरचा आयपी स्थिर ठेवा आणि तो राउटरच्या डीएचसीपी रेंजच्या (राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या) बाहेरचा असू द्या.

आणि सगळं बरोबर असून ‘कनेक्शन नाकारलं’ असं आलं, तर टेस्ट प्रोग्रॅम कुठे उघडा राहिलाय का बघा. बरेच कन्व्हर्टर एका वेळी एकच कनेक्शन घेतात. कॉम्प्युटर अचानक बंद पडला तरी कन्व्हर्टर ते जुनं कनेक्शन धरून बसतो. म्हणून सेटिंगमध्ये कीप-अलाइव्ह (समोरचा अजून जोडलेला आहे का ते अधूनमधून तपासणं) चालू ठेवा, म्हणजे वीज गेल्या-आल्यावर कुणाला पॅनेलपर्यंत पळावं लागणार नाही.